पाना, पक्कड आणि फटफटी

मोटारसायकल हा शब्द आमच्या लहानपणी फक्त आर. टी. ओ.च्या कागदावर आणि अपघाताच्या बातमीत भेटायचा. एरवी तिला फटफटी म्हणत. परदेशातून आलेल्या वस्तूंना मराठीने जी नावे दिली, त्यांत इतके प्रामाणिक नाव दुसरे नसेल. दूरध्वनी म्हणा, दूरदर्शन म्हणा, त्या नावांना पंडितांच्या शालीचा वास येतो. फटफटीला वास येतो तो पेट्रोलचा. आणि हे नाव तिचे तिनेच, रस्त्याने जाता जाता, सांगितलेले आहे.

त्या काळी गाडी न बघता ओळखता येत असे. बुलेट आली तर कोणी पोक्त वकील एकेक शब्द तोलून बोलतो आहे असे वाटे. जावा आली तर रिकामे पिंप कोणीतरी तालात वाजवत असावे. राजदूतच्या आवाजात दुधाच्या कॅनचा आवाज इतका मिसळलेला असे, की कॅन नसलेली राजदूत ऐकली की काहीतरी विसरून आल्यासारखे वाटायचे. नवरा गल्लीच्या तोंडाशी वळला की घरात चहाचे आधण चढे. हल्लीच्या गाड्या मांजरासारख्या येतात. माणूस दारात उभा राहून बेल वाजवतो तेव्हा कळते. संसारातला सावध होण्याचा अवधीच नाहीसा झाला.

या फटफटीचा आपल्या देशातला इतिहास तसा लहानसा आहे. शाळेच्या पुस्तकात तो नसल्यामुळे खरा असण्याचा संभव अधिक. स्वातंत्र्यानंतर सीमेवर गस्त घालायला लष्कराला दणकट गाडी हवी होती. निवड झाली इंग्लंडच्या बुलेटची, आणि मागणी गेली ८०० गाड्यांची. त्यातून १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी विलायतेहून सुटे भाग आणून जोडायचे, मग हळूहळू सगळेच इथे बनवायचे असा क्रम होता. गंमत अशी, की १९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या मूळ कंपनीने गाशा गुंडाळला, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. माहेर बुडाले तरी लेकीने कूळ चालवले, अशातला प्रकार.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीचा नमुना घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ केले. आमच्यातले पुष्कळ लोक मात्र आयुष्यभर तिला इंडोनेशियाची समजत आले. १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली आणि १९७३ मध्ये तिचे नाव येझदी झाले. राजदूत पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेली. ती बनवणारी एस्कॉर्ट्स फरीदाबादची. तिने खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांची इमानेइतबारे चाकरी केली. १९७३ मध्ये ‘बॉबी’ सिनेमात तिचे एक ठेंगणे भावंड चमकले, तेव्हा घराण्यात पहिल्यांदाच कोणीतरी नट निघाला.

मी १९७६ साली एक सेकंडहँड फटफटी घेतली. तिचे नाव सांगत नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. एक तर आदर म्हणून, आणि दुसरे म्हणजे पुढे जी गाऱ्हाणी सांगायची त्यांत नाव गुंतू नये म्हणून. माझेही तेच. एवढेच सांगतो, की ती टू-स्ट्रोक होती, काळी होती, आणि माझ्याआधी तिने दोन मालकांचे केस पांढरे केले होते.

आता तरुण मंडळींना वाटते, की आम्ही गाड्या स्वतः दुरुस्त करायचो ते हौसेने. पूर्वीचे लोक पंढरपूरला पायी जायचे ते वजन कमी करायला, असे म्हणण्याइतकेच त्यात तथ्य. खरी गोष्ट अशी, की दुसरा इलाजच नव्हता. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. बजाजची स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पहिल्या नोकरीत नोंदवलेली स्कूटर थोरल्याच्या मुंजीला आली, अशी उदाहरणे आमच्याच वाड्यात होती. अशा परिस्थितीत जी गाडी हाती लागली ती टिकवायची. मोडली तर जोडायची, आणि जोडता येत नसेल तर तशीच चालवायला शिकायची. त्या काळातले संसारही लोकांनी याच पद्धतीने केले.

पण टंचाईने आमच्यावर एक उपकार केला. गाडीला झाकण्यासारखे काही नव्हते. सीटखाली किंवा बाजूच्या पेटीत कारखानाच हत्यारांची पुरचुंडी देत असे. तीत दोन तोंडांचे पाने, प्लगचा पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि टायर काढायच्या पट्ट्या असत. म्हणजे ही कधी ना कधी वाटेत बसणार, हे देणाऱ्याला ठाऊक होते आणि ते कबूल करण्याचा सरळपणाही त्याच्याजवळ होता. हल्ली गाडीबरोबर मिळते ते जाडजूड पुस्तक. त्यात दर दोन पानांनी एकच उपाय सांगितलेला असतो: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

माझे शिक्षण नाना पेठेत झाले. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचे ते पुण्यातले विद्यापीठच. तिथे एका बोळात एक उस्ताद बसायचे. दुकान म्हणजे एक लाकडी खोके, एक पत्रा आणि रॉकेलने भरलेली परात. मी गाडी घेऊन गेलो आणि अधीरपणे पाना पुढे केला, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “साहेब, आधी ऐका. मग उघडा.”

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत मी या विषयावर जे काही वाचले, त्यात याहून जास्त काही सापडले नाही. अमेरिकेत रॉबर्ट पर्सिग नावाच्या गृहस्थाने १९६८ मध्ये मुलाला मागे बसवून मोटारसायकलवर मोठा प्रवास केला आणि १९७४ मध्ये त्यावर ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक लिहिले. तो आधी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून गेलेला, म्हणजे पाणी आपल्याकडचेच. त्याच्या सोबतच्या मित्राची बी. एम. डब्ल्यू. गाडी महागातली. तिचे हँडल सैल झाले, तेव्हा पर्सिगने बिअरच्या डब्याचा पत्रा कापून आत सारू या असे सुचवले. मित्राला तो गाडीचा अपमान वाटला. हा प्रसंग वाचून मला हसूच आले. आमच्याकडे बिअरचा डबा नव्हता, पण डालड्याच्या डब्याच्या पत्र्यावर अर्धे पुणे चालत होते, आणि त्याने कोणाचाही अपमान झाल्याचे ऐकिवात नाही.

‘आधी ऐका, मग उघडा’ हे सूत्र धरले की बाकीचे शास्त्र एका पोस्टकार्डावर मावते. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण, ते दाबणारा पिस्टन आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. गाडी बंद पडली, तर यांतले एक काहीतरी रुसलेले असते. प्लग काढायचा. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. मग टाकीचा कॉक बघा, कार्बोरेटर उघडा, जेटमध्ये अडकलेला कचरा फुंकर मारून काढा. प्लग टोपीत घालून इंजिनावर टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी पडली तर वीज ठीक. पिवळट, मरगळलेली पडली, तर पॉइंट नाहीतर कंडेन्सर. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारली आणि अंगठा उडाला, तर दाब शाबूत. झाली तपासणी.

प्लगचा रंग तर वैद्याने जीभ बघावी तसा बघायचा. विटकरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट काळा असेल तर तेल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन आतून तापले आहे. बाहेरून गाडी कितीही थाटात चालो, प्लग खोटे बोलत नसे. माझ्या परिचयाच्या काही माणसांचा प्लग काढून बघावा, असे मला फार वाटे.

रविवारची सकाळ गाडीची. अंगणात पोते अंथरायचे, जुन्या धोतराच्या चिंध्या घ्यायच्या, आणि वाटीभर रॉकेल. या वाटीवरून आमच्या घरात जेवढी भांडणे झाली तेवढी सासू-सुनांतही झाली नाहीत. रॉकेल रेशनचे. आमची ही दारात उभी राहून म्हणायची, “अहो, मी रांगेत उभी राहून आणायचं, आणि तुम्ही साखळीला आंघोळ घालायची! मला तरी कधी एवढ्या निगुतीनं विचारलंत का, काय दुखतंय म्हणून?” मी मान वर न करता म्हणे, “तुझा आवाज ठणठणीत आहे. उघडून बघायची गरज नाही.” उस्तादांचे सूत्र मी असे सर्वत्र लावत असे.

पॉइंटमधली फट ठरलेल्या मापाची हवी, साधारण ०.४ मिलिमीटर. ती मोजायच्या पोलादी पट्ट्या मिळतात, पण आम्ही लग्नपत्रिका वापरायचो. जाड कागदाची पत्रिका आली की आधी अंगठ्याने दाबून बघायची, मग मुहूर्त. एका मित्राच्या मुलीच्या पत्रिकेवर मी तीन वर्षे गाडी चालवली. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेल जळते, त्यामुळे सायलेन्सर काजळीने तुंबतो. त्याची आतली नळी वर्षातून एकदा काढून होळीत टाकायची. काजळीही जळे आणि थोडे पुण्यही लागे.

चालू करणे हा ज्याच्या त्याच्या घराण्याचा कुळाचार होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या बँकेतल्या काकांची बुलेट. ते आधी किक हलकेच दाबत, ती अडली की हँडलवरची एक छोटी दांडी ओढून इंजिनातला दाब सोडत, अँमीटरचा काटा मध्यावर आला की दांडी सोडत, आणि मग अंगातले सगळे बळ एकवटून एकच लाथ. साधली तर वाडा दुमदुमे. चुकली तर किक उलटी येई, आणि वाडा काकांच्या तोंडून दुमदुमे. शिवाय तिचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जावाचा तर किक आणि गिअरचा दांडा एकच: चालू करताना वर उभा करायचा आणि चालू झाली की पुढे आडवा पाडायचा. त्यामुळे गाडी उसनी मागायची पद्धत नव्हती. मागणाऱ्यालाच शिकवावे लागे, आणि शिकवेपर्यंत त्याचे काम बसने होऊन जाई.

पण या सगळ्यात मला आज आठवते ते वेगळेच. १९७९ च्या पावसाळ्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात माझी क्लचची केबल तुटली. पाऊस असा, की पुढचे वळण दिसेना. मी गाडी ढकलत असताना मागून एक गृहस्थ आले, माझ्याच जातीच्या गाडीवर. अंगात रेनकोट, हँडलला पिशवी, पिशवीत वह्यांचा गठ्ठा. शाळामास्तर असावेत. त्यांनी नाव-गाव काही विचारले नाही. ‘काय झालं?’ एवढेच विचारले, आणि सीटखालून नवी कोरी केबल काढली. अर्ध्या तासात दोघांनी मिळून ती बसवली. मी पैसे काढले तर म्हणाले, “छे, छे. घरी गेलात की एक जादा घेऊन ठेवा. कोणीतरी भेटेलच.”

भेटलेच. १९८४ मध्ये कऱ्हाडच्या अलीकडे एक नवे लग्न झालेले जोडपे रस्त्याच्या कडेला बसलेले. मुलीच्या हातात हिरवा चुडा, मुलाच्या हातात तुटलेली केबल. मी माझी काढून दिली आणि मास्तरांचेच वाक्य म्हटले. ती केबल पुढे कुठवर गेली असेल कोण जाणे. त्या काळी बंद पडलेल्या गाडीजवळून कोणी तसेच पुढे जात नसे. कदाचित माणसे फार चांगली होती असे नव्हे. आज याची पाळी, उद्या आपली, हे प्रत्येकाला ठाऊक होते. पण चांगुलपणा जर गरजेतून येत असेल तर त्याने काय बिघडले? आला म्हणजे झाले.

मग १९८४-८५ उजाडले. जपानी १०० सी.सी. गाड्या आल्या: इंड-सुझुकी, पाठोपाठ यामाहाची आर.एक्स. १०० आणि हिरो होंडाची सी.डी. १००. हिरो होंडाची जाहिरात होती, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट.’ म्हणजे पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मी ती वर्तमानपत्रात वाचली आणि चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिलो. विसरून जा? ज्या वस्तूची रविवारी सकाळी उठून आपण नाडी बघतो, तिला विसरून जा? ही म्हणाली, “किती छान! आणि रॉकेल?” म्हटले, “लागत नाही.” ती म्हणाली, “मग घ्या की!”

लोकांनी घेतल्या. घेणारच. पेट्रोल मोजून मापून टाकायचे दिवस होते, आणि ही पोर ते थेंबाथेंबाने पिणारी. बघता बघता जुनी घराणी बसत गेली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. पॉइंट आणि कंडेन्सर जाऊन त्यांच्या जागी सीलबंद डबी आली. लग्नपत्रिका नुसत्या लग्नाच्या उरल्या. २०१९ पर्यंत १२५ सी.सी.च्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये धुराचे बी.एस.-६ हे कडक नियम लागू झाल्यावर कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचे हे इंजिनाजवळचा एक संगणक ठरवतो. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परत आल्या, पण पुनर्जन्म घेऊन. नाव तेच, मागच्या जन्मीचे काही आठवत नाही.

मागच्या वर्षी पुतण्याची नवी गाडी आमच्या दारातच बंद पडली. मी चष्मा लावून, गुडघा धरून, तिच्याजवळ बसलो. ऐकायला काही नव्हते, ती बोलतच नव्हती. उघडायला काही दिसेना, सगळीकडे प्लॅस्टिकचे चिलखत. फक्त समोर एक पिवळा दिवा लागलेला, त्यावर इंजिनाचे चित्र. पुतण्या म्हणाला, “काका, म्हणजे तिला कळलंय काय बिघडलंय ते.” म्हटले, “मग सांगत का नाही?” तो म्हणाला, “सांगते, पण फक्त सेंटरच्या कॉम्प्युटरला.” गाडी टेंपोत चढून गेली. दोन दिवसांनी बिल आले. त्यावर जे लिहिले होते ते त्यालाही समजले नाही आणि मलाही. पैसे किती द्यायचे तेवढे मात्र स्वच्छ मराठी आकड्यांत होते.

तरीही हिशेब सरळ करायला हवा. आमच्या गाड्या धूर ओकायच्या. माझी फटफटी सुरू झाली की वाळत घातलेले कपडे आत घ्यायला बायका धावत, आणि तो धूर आम्ही सगळ्यांनी छातीत साठवला. तिचे ब्रेक म्हणजे विनंतीअर्ज, मंजूर होईलच असे नाही. दिवा इतका मिणमिणता, की समोर खड्डा आहे हे खड्ड्यात गेल्यावर कळे. आजच्या पोरांच्या गाड्या ओल्या रस्त्यावर जागच्या जागी थांबतात. त्यामुळे किती घरांतले माणूस संध्याकाळी घरी येते याचा विचार केला, की माझी पाना-पक्कड मला जरा खेळण्यातली वाटू लागते.

आणि ती किक! तिच्या कौतुकाने आम्ही एवढे भारावलो होतो, की तिने किती जणींना गाडीपासून दूर ठेवले हे कोणाच्या लक्षातच आले नाही. आमच्या हिला गाडी शिकायची होती. दोनदा म्हणाली होती. मग कधी म्हणाली नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या, आणि बायका-मुली रस्त्यावर आल्या. उस्तादांच्या विद्येला हे काही जमले नव्हते.

तेव्हा माझे गाऱ्हाणे नव्या गाडीबद्दल नाही. ती न बिघडो, शंभर वर्षे चालो. पण बिघडली तर तिच्या मालकाला निदान विचारता यावे, की बाई, काय होते आहे? पोस्टकार्डावर मावणारे ज्ञान होते. ते धूर कमी करण्यासाठी संगणकात गेले, ठीक आहे. पण त्या संगणकाला कुलूप घालून किल्ली एकाच्याच कमरेला लावायची, हे काही धुरासाठी लागत नाही. आपली वस्तू आपल्याला कळावी यात हौसेचा भाग थोडाच असतो. न कळणाऱ्या वस्तूचा माणूस मालक नसतो, भाडेकरू असतो.

माझी काळी फटफटी अजून आहे. डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली आहे. गुडघ्याचे चित्र त्यांनी पडद्यावर पाहिले. गुडघा वाजतो कसा, हे ऐकण्याची त्यांना गरज वाटली नाही. आता रविवारी नात येते. ती कॉलेजला विजेच्या स्कूटरवर जाते. त्या स्कूटरला ना प्लग, ना ठिणगी, ना फट, ना फटी. पण किक तीच मारते. पहिल्या दिवशी सात मारल्या, आता तिसरीला लागते. लागली की मी खुर्चीवरून म्हणतो, “थांब, ऐक.” ती ऐकते. मागच्या खेपेला म्हणाली, “आजोबा, मधेच एक ठोका चुकतोय.” बरोबर होते. तिनेच प्लग काढला, रंग बघितला, आणि मला न विचारता घासून पुन्हा बसवला. ही आतून म्हणाली, “तिचे हात धुवायला रॉकेल नाहीये हं आता!” तिने साबणाने धुतले.

निघताना मी तिला क्लचची एक नवी केबल दिली. ती म्हणाली, “आजोबा, माझ्या गाडीला क्लच नाही.” म्हटले, “माहीत आहे. कोणीतरी भेटेलच.” तिने ती गुंडाळून डिकीत छत्रीखाली ठेवली आणि आवाज न करता निघून गेली.